परड्यातली सर्कस

सर्कशीची ती गाडी आमच्या घरामागच्या परड्यात शिरली तेव्हा सगळ्यांत आधी म्हैस बुजली आणि तिच्यामागोमाग आई. बाबा मात्र ट्रॅक्टरच्या पुढं उलटे चालत, दोन्ही हात हलवत, "डावीकडं, अजून थोडं डावीकडं," असं सांगत होते. आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातला कढीचा वास आमच्या आमटीत उतरायचा, आणि त्या गल्लीतून खोलीएवढी पत्र्याची गाडी आणायची म्हणजे काय तमाशा झाला असेल ते बघा. निम्मी गल्ली ढकलायला होती आणि निम्मी सल्ला द्यायला. गाडी शेवटी परड्यात उभी राहिली, चाकांखाली दगड लागले, आणि कुणीतरी ओरडलं, "मास्तर, वाघ कुठं हाय?" त्या दिवसापासून गल्लीनं आमच्या परड्याचं नाव सर्कस ठेवलं. कुणीही भेटलं की विचारायचं, "काय, सर्कस कुठवर आली?"

ही गाडी म्हणजे आता जिला कॅरॅव्हॅन म्हणतात ती. सर्कशीतली माणसं गावोगाव हिंडताना तिच्यातच झोपायची, रांधायची, नटायची. कोल्हापुरातला मुक्काम हलवताना तिच्या चाकांचा आस मोडला, म्हणून ती पुलापलीकडच्या एका गॅरेजात ठेवून सर्कस पुढं गेली आणि परत आलीच नाही. गॅरेजवाला माझ्या दादाचा मित्र. गाडीनं त्याची जागा अडवली होती. माझे बाबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी त्याच्या गॅरेजची पाटी रंगवून द्यायची आणि त्यानं आस जोडून गाडी आमच्या दारात सोडायची, असं ठरलं. बाबांनी पाटीवर नावाबरोबर एक मोटारही काढली. ती इतकी देखणी निघाली की गिऱ्हाइकं ती विकायची आहे का म्हणून विचारत.

आता गाडी कशाला हवी होती, ते सांगते. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबा, दादा आणि रंगांचे डबे. मागच्या खोलीत चूल, देव, आई आणि मी. दोन खोल्यांच्या मध्ये दार होतं, पण त्याच्याआड धान्याचं पिंप ठेवलेलं असल्यामुळे ते मी जन्मल्यापासून लागलेलं नव्हतं. कुणाला कपडे बदलायचे असले की आई म्हणायची, "तोंडं फिरवा," आणि सगळं घर तोंड फिरवायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. दादा कारखान्यात लेथवर होता, दिसायला राजबिंडा, निर्व्यसनी. पण त्याची दोन स्थळं पत्रिका जुळत नाही म्हणून परत गेली. ती माणसं घर बघून गेल्यावरच पत्रिका कशी बिघडायची हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ते तोंडावर सांगितलं आजऱ्याच्या आत्यांनी. सुमती नावाची मुलगी होती, तिची आई लहानपणीच गेलेली, आणि तिच्या या आत्यांनी तिला वाढवलेलं. आत्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. आमच्या घरात फिरून त्यांनी पोहे खाल्ले, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोरगं सोन्यासारखं हाय. माणसं बी बरी दिसत्यात. पर दार कुठाय?"

बाबांना कळलंच नाही. "कसलं दार?"

"आतनं कडी लागायचं दार. नवराबायकू निजणार कुठं? तुमी समदी तोंडं फिरवून बसणार व्हय?" मग आवाज जरा खाली आणून, म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू जाईल एवढा करून त्या म्हणाल्या, "आक्का, राग मानू नगा. तुळशीच्या लग्नाआदी मी परत येते. दार दावा, तारीख धरू. न्हायतर पोरीला दुसरीकडं बगायला मी मोकळी."

दादा त्या वेळी कोपऱ्यात उभा होता. आजऱ्याला जाऊन बघून आलेली सुमती त्याला आवडली होती हे त्याच्या कानांवरून कळत होतं, ते लालबुंद झाले होते. त्या रात्री तो जेवला नाही.

खोली बांधा, एवढं सोपं ते नव्हतं. परडं होतं चांगलं ऐसपैस, पण ते आमच्या एकट्याचं नव्हतं. परड्याच्या दुसऱ्या अंगाला आबांचा गोठा होता. आबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आजोबांच्या मागं घराची वाटणी झाली, परड्याची काही होईना. भांडण इतकं विकोपाला गेलं की शेवटी पंचांनी दोघांना देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला: वाटणी होईपर्यंत परड्यात कुणी वीट लावायची नाही. दोघांनी शपथ पाळली आणि त्याबरोबर एकमेकांशी बोलणंही टाकलं. शपथेत बोलण्याचं काही नव्हतं, ते त्यांनी वरून घातलं.

अगदीच काही सांगायचं असलं तर आबा ते म्हशीला सांगत. चंद्री नावाची त्यांची म्हैस होती. धार काढता काढता ते मोठ्यानं म्हणत, "चंद्रे, सांग मास्तरला, नळ वाहतोय त्याचा." मग बाबा मला म्हणत, "शकू, चंद्रीला सांग, बंद केला." मी चंद्रीजवळ जाऊन खरंच सांगत असे. आजही दोन शहाणी माणसं मोबाइलवर ग्रुपात एकमेकांना टाळून तिसऱ्यालाच उत्तर देतात तेव्हा मला चंद्री आठवते. गाडी परड्यात उभी राहिली त्या दिवशी आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बगितलंस का चंद्रे? मास्तरनं वीट न लावता घर आणलं."

"चंद्रीला सांग, गाडी हाय ती," बाबा म्हणाले. "उद्या हलव म्हटलं तर हलंल."

आबा गोठ्यात वळले. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसऱ्याच दिवशी कार्डशीटवर खोलीचा आराखडा काढला. त्यात पलंग होता, कपाट होतं, खिडकीत फुलदाणी होती, फुलदाणीची सावलीसुद्धा होती. आईनं तो नीट बघितला आणि विचारलं, "पाण्याची कळशी कुठं ठेवायची?" बाबांनी फुलदाणी खोडून कळशी काढली.

गाडीचं दार उघडलं की जो वास यायचा त्याचं वर्णन करणं कठीण आहे. घाम, रॉकेल, पावडर, आणि त्याखाली आणखी काहीतरी. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्यात हत्ती ऱ्हात हुता."

दादा म्हणाला, "आई, हत्ती या दारातनं आत जाईल कसा?"

"बारका असंल."

मग आम्ही तिघांनी, दादा कामावरून आला की चौघांनी, ती गाडी आतून खरवडायला घेतली. भिंतींवर जुन्या कॅलेंडरांची चित्रं एकावर एक चिकटवलेली होती. देव काढला की त्याखाली नटी निघायची, नटी काढली की पुन्हा देव. आणि खिळे तर किती. त्या माणसांनी सगळा संसार खिळ्यांना टांगला होता. बाबा एकेक खिळा उपटून, हातोडीनं सरळ करून डब्यात टाकत. आरशाच्या जागेशेजारी कुणीतरी नटताना बोटं पुसलेली होती, त्या लाल खुणा काही निघेनात. पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, दुसरा दिला, तरी त्या गुलाबी होऊन वर आल्या. शेवटी आईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्यात. कुंकवाचा हात हाय, शुभ असतंय." मग कुणी त्याला हात लावला नाही.

दुपारी शाळा सुटली की मी दप्तर टाकून पॉलिश पेपर घेऊन बसायची. आई गाडीतच भाकरी, दही आणि खर्डा आणून द्यायची, आणि त्या खर्ड्याला रंगाची चव लागायची. पिंजारी परड्यात बसून गादीचा कापूस पिंजायचा, त्याच्या धनुकलीचा टणटण आवाज आणि आबांच्या दुधाच्या बादलीचा सूंसूं आवाज एकात एक मिसळायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस, असं मी बिनदिक्कत म्हणेन. आमच्या घरात आम्ही सगळे एका कामाला लागलो आहोत असं त्याआधी कधी झालं नव्हतं. माझा नातू हल्ली फोनवर मला परदेशातले व्हिडिओ दाखवतो, जुनी गाडी घेऊन नवराबायको तिचं घर करतात, सगळं कसं स्वच्छ आणि हसत हसत. मी त्याला विचारते, यांच्या आया कुठं आहेत?

कारण आमची आई मध्ये आली. खालची जमीन प्लायवुडची होती. ज्या जमिनीवर कधी सारवण पडलेलं नाही तिच्यावर नव्या सुनेनं पाऊल ठेवायचं हे तिच्या मनाला पटेना. शनिवारी बाबा आणि दादा बाहेर असताना तिनं गोठ्यातून दोन घमेली शेण आणलं. आबा बघत होते. "चंद्रे, तुजं शेण लागतंय व्हय सर्कशीला? ने म्हणावं," एवढंच ते म्हणाले. आईनं गाडी आतून लख्ख सारवली, वर रांगोळीची बोटं ओढली. संध्याकाळपर्यंत सुंदर दिसत होतं. रविवारी सकाळी सारवण पापडासारखं उलटं वळून उभं राहिलं होतं, खालचं प्लायवुड पाणी पिऊन फुगलं होतं, आणि ज्या दारासाठी हा सगळा खटाटोप, ते दार निम्म्यातच अडकून बसलं होतं.

बाबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. तेव्हाही चढला नाही. ते गाडीच्या कडेला पाय सोडून बसले आणि म्हणाले, "आता काय, चंद्रीलाच आत बांधू." आई एका कोपऱ्यात तोंड करून रडली. दादानं दोघांनाही चहा करून दिला, फुगलेलं प्लायवुड उपसून काढलं, आणि पुढचा आठवडा रोज कामावरून आल्यावर नवी जमीन ठोकून वर हिरव्या चौकटीचं लिनोलियम अंथरलं. दार रंध्यानं तासून सरळ केलं. कडी त्यानं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत स्वतः लेथवर केली होती. ती इतकी जाड होती की आतून लावली की खट्ट असा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकायला आम्ही सगळे आळीपाळीनं आत जाऊन दार लावून बघत होतो. मला आत एकटीनं कडी लावून उभं राहिल्यावर काय वाटलं ते सांगू? कुणीतरी मला मोठी झालीस म्हणून सांगितल्यासारखं वाटलं.

आजऱ्याहून निरोप आला, आत्या आणि मुलीचे वडील उद्या सकाळी येतायत. सगळं तयार होतं. पलंगावर नवी गादी, कपाटाला आरसा, खिडकीला आईच्या जुन्या इंदुरी साडीचा पडदा. राहिली होती ती पायरी. गाडीचं दार जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. सर्कशीची शिडी हरवलेली. दादानं लोखंडी शिडी केली होती, पण आई म्हणाली, नवी नवरी लुगडं सावरत शिडीवर चढणार, ती काय खेळ करायला आलीय? आणि बाबांनी, ज्यांनी सबंध आयुष्यात विचार केल्याशिवाय पेन्सिलीला टोकसुद्धा केलं नाही त्यांनी, संध्याकाळी शेजारच्या बांधकामावरून विटा आणून, मातीत बसवून, वर सिमेंटचा हात फिरवून तीन सुबक पायऱ्या केल्या. रंगाच्या, दाराच्या, लग्नाच्या आनंदात आमच्यापैकी एकालाही शपथ आठवली नाही. आईलाही नाही. मी तर त्या पायऱ्यांवर उड्या मारल्या.

सकाळी आबा धार काढायला आले. मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांची नजर पायऱ्यांवर गेली आणि तिथंच राहिली. ते चंद्रीला काही बोलले नाहीत. धार काढली नाही. बादली तशीच रिकामी ठेवून ते गोठ्यात गेले, आणि त्या शांततेनं मला अशी भीती वाटली की मी कळशी टाकून घरात पळाले.

"आई, आबांनी पायऱ्या बघितल्या."

आईच्या हातातली उलथणी तव्यावर पडली. बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशात स्वतःकडं बघितलं आणि अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून खाली बसले. "बेलभंडारा मोडला मी," ते म्हणाले.

आई म्हणाली, "पावणं यायच्या टायमाला त्यांनी पंच आणून हुबं केलं तर? मग कसली तारीख आनि कसलं लग्न? फोडा त्या पायऱ्या. अवो, उटा की."

बाबा पहार घेऊन गेले. अर्ध्या चेहऱ्याला साबण, अंगात शाळेचा सदरा. आदल्या दिवशीची माती अजून ओलीच होती, तीन घावांत पायऱ्या ढासळल्या. दार पुन्हा हवेत लोंबकळायला लागलं. तेवढ्यात गोठ्यातून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग सलग. आणि आबा हातात पहार घेऊन बाहेर आले. सरळ गाडीकडं. दोघं भाऊ पहारी घेऊन समोरासमोर उभे, मध्ये फुटलेल्या विटांचा ढीग. दादा मध्ये जायला धावला तर आईनं त्याचा दंड धरून ठेवला. ते माणसांचं भांडण नव्हे, भावांचं होतं, त्यात कुणी पडत नाही.

आबांनी विटांकडं बघितलं, मग बाबांच्या साबणाकडं.

"गणपा," ते म्हणाले. बाबांचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "शपत कशाची घेतलीया?"

"विटंची," बाबा म्हणाले. "चुकलं, आबा. फोडल्या बघ."

"दगडाची घेतलीया?"

"न्हाय."

"मग हात लाव की. गोठ्याच्या दारातला दगुड उकरलाय मी. एकट्याला हलंना झालाय."

तो काळाभोर घडीव दगड होता, आजोबांनी बसवलेला. त्याच्याखाली त्याचाच जोड होता, जरा लांब. दोघांनी पहारी घालून, दादानं खांदा देऊन, ते दोन्ही गोठ्यापासून गाडीपर्यंत लोटत आणले. मोठा खाली, लहान वर. मध्येच दम खायला थांबल्यावर आबा कपाळ पुसत म्हणाले, "माज्या लग्नात कुठं दार हुतं? तिनं सारी हयात दिवा मालवून लुगडं बदललं." तिनं म्हणजे काकीनं. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिच्याविषयी आबा कुणाशीही, चंद्रीशीसुद्धा बोलत नसत. बाबा फक्त दगडाच्या जड बाजूला जाऊन उभे राहिले. मी तुळशीमागं उभी राहून ढसाढसा रडले, आणि मला अगदी हलकं वाटलं.

पाहुणे आले तेव्हा बाबांची दाढी पूर्ण झालेली होती आणि आबा धुतलेलं धोतर नेसून घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे खुर्चीवर बसले होते. आत्यांनी घनसाळ तांदळाची पिशवी आईच्या हातात दिली, चहा घेतला आणि पदर खोचून थेट परड्यात आल्या. गाडीला त्यांनी आधी बाहेरून प्रदक्षिणा घातली.

"ह्याला चाकं कशापायी?"

बाबा सांगायला तोंड उघडणार, तर आबाच म्हणाले, "पोरगी रुसली तर घरासकट आजऱ्याला पोचवायला."

मुलीचे वडील हसले. आत्या हसल्या नाहीत. त्या दगडावरून चढून आत गेल्या. पलंग दाबून बघितला, कपाटाची दारं उघडली, भिंतीला नाक लावून वास घेतला. मग दारातून आम्हा सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "हितंच हुबं ऱ्हावा समदी." आणि दार लावलं. आतून खट्ट अशी कडी लागली.

आम्ही सगळे परड्यात उभे. दादाचे कान पुन्हा लाल. आणि आतून आत्यांचा तो बांधावरून बांधावर जाणारा आवाज आला:

"मास्तर, च्यात साकर कमी हुती! आनि तुमची म्हस माज्या नव्या लुगड्यावर शिंकलीया!"

शब्द न् शब्द ऐकू आला. पत्रा तो पत्राच. चंद्रीनंसुद्धा कान टवकारले. एवढं खरवडलं, रंगवलं, दगड लोटले, आणि भिंत अशी कागदासारखी. कडी निघाली, दार उघडलं, आत्या वरच्या दगडावर उभ्या राहिल्या.

"आलं का काय ऐकू?"

मग आबांनी कानामागं हात धरला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "काय बोललासा व्हय आत?"

"मला वाटलं गप बसलाय," आई म्हणाली.

आत्यांनी बाबांकडं बघितलं. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नसे, त्यांनी आभाळाकडं बघून घेतलं आणि म्हणाले, "न्हाय बा. काय न्हाय आलं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जोरजोरात मान हलवली. मुलीचे वडील तर पाहुणे, पण तेही मिशीआड हसू दाबत म्हणाले, "मलाबी न्हाय."

आत्या आम्हा एकेकाचा चेहरा निरखत राहिल्या. मग पदर सोडला, दगडावरून खाली उतरल्या आणि आईचा हात हातात घेतला.

"मग धरा तारीख," त्या म्हणाल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि त्यामागोमाग दादाचं. दादा आणि सुमतीवहिनी त्या गाडीत कितीतरी वर्षं राहिली. तिथं ती हसली, भांडली, माहेरच्या आठवणीनं वहिनी कधी रात्रभर रडली, आणि एका पहाटे दोघं जुन्या चालीवर गाणंही म्हणत होती. आमच्या घरात कुणाला कधी काही ऐकू आलं नाही.